गेजच्या डोक्यातून पहार गेली हे सगळ्यांना माहीत आहे. त्याला वाचवणाऱ्या हार्लोचं काय?

केळफूल:
मानसशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात फिनियस गेज भेटतोच. रेल्वेच्या कामावरचा मुकादम, सुरुंग उडाला, लोखंडी पहार गालातून शिरून डोक्यावरच्या टाळूतून बाहेर पडली, माणूस वाचला पण स्वभाव पार बदलला. चार ओळी आणि कवटीचं एक चित्र, की पुढचा धडा. मी बारावीला हा भाग शिकवते. मुलं दरवर्षी एकच विचारतात, "मॅडम, पण तो वाचला कसा?" पुस्तकात याचं उत्तर नाही. म्हणून यंदा त्याच्या डॉक्टरचे दोन्ही लेख, १८४८ चा आणि १८६८ चा, बैठक मारून वाचून काढले.

प्रसंग असा. १३ सप्टेंबर १८४८, दुपारचे साडेचार. अमेरिकेत व्हर्माँट राज्यातलं कॅव्हेंडिश गाव. गेजचं वय २५. ३ फूट ७ इंच लांब, सव्वा इंच जाड, सव्वातेरा पौंड वजनाची पहार त्याच्या डाव्या गालात घुसली, डाव्या डोळ्यामागून गेली आणि टाळूतून बाहेर पडून लांब जाऊन पडली. त्याला बैलगाडीत बसवून पाऊण मैलावरच्या त्याच्या मुक्कामाच्या हॉटेलवर आणलं. आधी डॉ. एडवर्ड विल्यम्स पोचले. गेज बाहेर खुर्चीवर बसला होता. म्हणाला, "डॉक्टर, तुमच्यासाठी इथं भरपूर काम आहे."

सहाच्या सुमारास डॉ. जॉन मार्टिन हार्लो आला आणि त्यानं केस हातात घेतली. वय २८. फिलाडेल्फियाच्या जेफर्सन मेडिकल कॉलेजातून बाहेर पडून चारच वर्षं झालेली, प्रॅक्टिस खेड्यातली. लढाईवरच्या जखमा ज्यानं पाहिलेल्या नाहीत त्याला ते दृश्य भयंकर वाटलं असतं, असं तो लिहितो. तरी त्यानं डोकं भादरलं, साकळलेलं रक्त आणि हाडाचे चुरे काढले, वरच्या भोकातून आख्खं बोट आत घालून पाहिलं, खालून गालाच्या बाजूनंही पाहिलं. हाडाचे दोन मोठे तुकडे जागेवर बसवले. वर चिकटपट्ट्या लावल्या, पण जखम पूर्ण बंद केली नाही. डोकं उंचावर ठेवायला सांगितलं.

पुढचे दोन महिने हा माणूस त्याच्या उशाशी आहे. दहा-बारा दिवसांत जखम चिघळली, गेज बेशुद्धीच्या काठावर गेला. मित्रांनी शवपेटी आणि कपडे तयार ठेवले. शुश्रूषा करणाऱ्यांपैकी एकानं हार्लोला विनवलं की आता काही करू नका, त्याचे हाल लांबतील फक्त. हार्लोनं ऐकलं नाही. जखमेतून वर आलेले मांसाचे कोंब कापले, सिल्व्हर नायट्रेट लावून जाळले, कपाळाची कातडी नाकाच्या मुळापर्यंत उघडली. आतून ८ औंस दुर्गंधी पू निघाला. पाव लिटरच्या आसपास! ऑक्टोबरात गेज उभा राहिला. २५ नोव्हेंबरला तो न्यू हॅम्पशायरमधल्या लेबननला आपल्या घरी गेला.

माझं मत स्पष्ट आहे. नशीब होतंच, पण गेज वाचला तो हार्लोच्या हातांमुळे. डॉक्टर मंडळींना विचारायचंय, जंतू हा प्रकार कुणाला माहीत नसताना या माणसानं केलेलं बरोबर कसं पडलं?

रानवाट:
बैलगाडीत बसून आला? बसून?? इथं माझं अर्धं डोकं दुखलं तरी मी दिवसभर आडवी असते.

केळफूल:
@रानवाट, बसून. उतरताना थोडाच आधार घेतला आणि जिना चढून खोलीत गेला. त्याच रात्री दहा वाजता तो हार्लोला सांगतो की मित्रांना भेटायची गरज नाही, थोड्याच दिवसांत मी कामावरच येणार आहे.

सह्यकडा:
लेख आवडला. मी आयुष्यभर रस्त्यांच्या आणि बोगद्यांच्या कामावर काढलं आहे, त्यामुळे सुरुंगाबद्दल थोडी भर घालतो.

त्या काळी पद्धत अशी की खडकात भोक पाडायचं, त्यात काळी दारू ओतायची, वात सोडायची, वर वाळू किंवा माती घालायची आणि मग पहारेनं ठासायचं. ती वाळू महत्त्वाची. ठासताना दारू आणि लोखंड यांच्यामध्ये ती असते आणि स्फोटाचा जोर वर न येता खडकात जातो. गेज उजव्या खांद्यावरून मागं वळून आपल्या माणसांकडं बघत होता. वाळू पडलेली नव्हती. पहार खडकाला घासली, ठिणगी उडाली आणि पहारच गोळीसारखी बाहेर आली. म्हणजे ती भोकाच्या नळीतून उडाली, जुन्या ठासणीच्या बंदुकीतून गोळी सुटते तशी.

आपल्याकडं खाणीत आज लाकडी दांड्यानंच ठासायचं असा कायदा आहे. लोखंड चालत नाही. हे नियम असेच कुणाच्या तरी डोक्यावरून आले आहेत.

आणखी एक. गेजनं ही पहार लोहाराकडून मुद्दाम स्वतःच्या पसंतीनं घडवून घेतली होती. वरचं टोक निमुळतं, पाव इंचापर्यंत उतरत गेलेलं, अंगानं गुळगुळीत. कामावरची इतर लोखंडं बोथट असतात. ठेकेदाराचं सरसकट सामान असतं तर माणूस जागेवर गेला असता.

दवाखान्यातून:
केळफूलताई, उत्तम विषय. मी मेंदूच्या शस्त्रक्रिया करतो, तालुक्याच्या गावी सुरुवात केली, आता शहरात आहे. सवडीनं लिहितो.

सह्यकडा काकांनी पहारेच्या आकाराचं सांगितलं ते हार्लो यांनी स्वतःच १८६८ च्या लेखात मांडलं आहे. त्यांनी दिलेली कारणं अशी होती. रोगी तरुण आणि पोलादी तब्येतीचा. पहारेचा आकार निमुळता. शिरण्याची जागा अशी की कवटीच्या तळाला भोक राहिलं आणि घाण खाली वाहून जायला वाट मिळाली. आणि मेंदूचा जो भाग गेला तो इजा सोसायला सगळ्यात लायक. आज एखाद्या निवासी डॉक्टरला परीक्षेत विचारलं तर यापेक्षा फार वेगळं उत्तर तो देणार नाही.

डोक्याच्या माराला माणूस बहुधा जखमेनं लगेच मरत नाही, आतल्या सुजेनं मरतो. कवटी म्हणजे बंद पेटी. मेंदू सुजला की जागा नाही, मग तो खाली दाबला जातो आणि श्वास थांबतो. आम्ही आज अशा रोग्याच्या कवटीचा मोठा तुकडा काढून ठेवतो, सूज उतरेपर्यंत. तो तुकडा बऱ्याचदा रोग्याच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवतात, म्हणजे जिवंत राहतो. गेजच्या बाबतीत हे काम पहारेनंच करून टाकलं. पण त्यानंतर कुठल्याही हौशी डॉक्टरनं टाळू घट्ट शिवली असती तर सगळं वाया गेलं असतं. हार्लो यांनी वरची जखम अर्धी उघडी ठेवली, गालाची पट्टी सैल ठेवली, डोकं वर ठेवलं. तिन्ही गोष्टी आम्ही आजही करतो.

गळवाबद्दल: मेंदूजवळ पू साठला की आजही एकच नियम, पू बाहेर काढा. अँटिबायोटिक मदतीला असतं, पण बंद जागेतल्या पुवावर नुसत्या औषधाचा भरवसा धरता येत नाही. 'कुठं पू असेल तिथं उघडा' हे जंतू माहीत नसतानाही चांगल्या सर्जनला माहीत होतं. फरक इतकाच की २८ वर्षांच्या गावडॉक्टरनं ते मेंदूवर करायचं धाडस केलं.

कोरडाठाक:
मला थोडं विरुद्ध बोलायचं आहे. हार्लोबद्दल आदर आहे, पण एका रोग्यावरून डॉक्टरचं कौशल्य ठरत नाही. त्या वर्षी अमेरिकेत किती लोकांच्या डोक्याला मार लागला असेल आणि किती जण नीट पट्ट्या करूनही गेले असतील, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. जो वाचला त्याचा लेख छापला जातो.

शिवाय त्याच हार्लोनं गेजला कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचं औषध दिलंय, एरंडेल, रेवाचिनी, कोल्चिकम दिलंय. अर्धमेल्या माणसाला जुलाब! ते धरलं तर गेज हार्लोमुळे वाचला तसा हार्लोला पुरूनही उरला.

बोलघेवडा:
एरंडेल वाचून आजी आठवली. डोकं फुटो नाहीतर गुडघा, आधी पोट साफ. ती व्हर्माँटला असती तर हार्लोची असिस्टंट झाली असती :)

रातपाळी:
@कोरडाठाक, जुलाबाचं बरोबर आहे, पण तो त्या काळाचा सगळ्याच डॉक्टरांचा नेम होता. ताप आला की पोट मोकळं करायचं. माणूस काळाच्या पुढं किती गेला हे बघायचं तर काळाबरोबर काय केलं ते बाजूला ठेवून इतरांनी केलं नसतं असं काय केलं ते बघावं.

मी २० वर्षं अतिदक्षता विभागात सिस्टर आहे. मला या लेखांत सगळ्यात काय भिडलं तर नोंदी. नाडी किती, उलटी किती वेळानं, जखमेतून काय वाहतंय, वास कसा आहे, रोग्यानं कुणाला ओळखलं, कुठल्या प्रश्नाला कसं उत्तर दिलं. पहिल्या संध्याकाळी रक्त घशात उतरत होतं आणि दर १५-२० मिनिटांनी उलटी होत होती हेसुद्धा आहे. आमच्याकडं नवीन मुलींना मी हेच सांगते की 'पेशंट बरा आहे' असं लिहू नका, काय दिसलं ते लिहा.

११ ऑक्टोबरची नोंद बघा. हार्लो विचारतो, लागून किती दिवस झाले? गेज म्हणतो, "आज दुपारी साडेचारला चार आठवडे होतील." दिवस आणि वेळ डोक्यात पक्के. पण नदीच्या जुन्या पात्रातले काही गोटे त्यानं जपून ठेवले होते, ते तो १००० डॉलर मिळाले तरी द्यायला तयार नव्हता. स्मरणशक्ती शाबूत आणि किंमत ठरवण्याची अक्कल गेलेली, हे एकाच रोग्यात असू शकतं हे त्यानं १८४८ मध्ये टिपून ठेवलं. फ्रेंच डॉक्टर ब्रोकांचा मेंदूतल्या वाचेच्या केंद्रावरचा शोध १८६१ चा. म्हणजे मेंदूच्या कुठल्या भागात काय असतं याचा कुणाला धड पत्ता नव्हता तेव्हाची ही नोंद आहे.

केळफूल:
@रातपाळी, अगदी! गोट्यांची नोंद वाचून मी थबकले होते. वर्गात सांगायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

शेवंती:
त्या शुश्रूषा करणाऱ्या माणसाबद्दल वाचून मनात कालवाकालव झाली. "आता काही करू नका." आम्ही वडिलांच्या वेळी हेच म्हणालो होतो आणि डॉक्टरांनी आमचं ऐकलं. ते बरोबरच होतं, वय ८३ होतं. पण मग हार्लोनं ऐकलं नाही तेही बरोबर? हे ठरवायचं कसं?

दवाखान्यातून:
@शेवंती, तुमचा निर्णय आणि हा प्रसंग एका मापानं मोजू नका. ८३ वर्षांच्या थकलेल्या शरीराला पुढचा त्रास न देणं हाही उपचारच. हार्लोपुढं २५ वर्षांचा मुलगा होता आणि त्याच्या बिघाडाचं कारण समोर दिसत होतं, त्यावर करण्यासारखा उपाय हातात होता. आम्ही स्वतःला हेच विचारतो, जे बिघडलंय ते उलटवता येण्यासारखं आहे का? असेल तर नातेवाइकांना बसवून समजावतो आणि पुढं जातो. नसेल तर थांबतो. त्या माणसानं विनवलं ते प्रेमापोटीच विनवलं असणार.

कोरडाठाक:
हे पटलं. तरी १८४८ मध्ये 'उलटवता येण्यासारखं' हे हार्लोला कळलं की त्यानं अंदाजानं सुरी चालवली, हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे.

दवाखान्यातून:
गळू तयार झालं की हाताला कळतं. फुगवटा, ऊब, बोटाखाली डुगडुगणं. यंत्र लागत नाही. अंदाज होता, पण शिकलेल्या बोटांचा.

अबोली:
खूप दिवस इथं फक्त वाचते, आज लिहावंसं वाटलं.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी, मोटारसायकलवरून पडले. हेल्मेट नव्हतं. कपाळाच्या बाजूला मार. वर डॉक्टरांनी लिहिलं तसंच त्यांच्या कवटीचा तुकडा काढून पोटात ठेवला होता. ताईनं तेव्हा मला फोनवर सांगितलं, "डोक्याचं हाड पोटात शिवलंय गं," आणि ती रडतही नव्हती, नुसती तेच तेच सांगत होती.

भाऊजी वाचले. चालतात, बोलतात, लहानपणची एकूण एक गोष्ट सांगतात. पण आमचे पहिले भाऊजी अतिशय मोजून बोलणारे. दूध डेअरीत हिशेब बघायचे, चार आण्याचा फरक लागला तर रात्री बसून शोधायचे. घरी आल्यावर ते पाहुण्यांसमोर काहीही बोलायला लागले. एका मयताला गेलो तिथं मोठ्यानं हसले. पैसे हातात आले की संपेपर्यंत चैन नाही. फाटकी दप्तराची पिशवी होती ती ताईनं टाकली तर दोन दिवस जेवले नाहीत. रातपाळींनी गोट्यांचं लिहिलंय ते वाचून मी फोन ठेवून दिला थोडा वेळ.

लोक ताईला म्हणतात, "वाचले ना, नशीब समज." ती समजतेच. पण ज्याच्याशी लग्न केलं तो माणूस कुठं गेला हे विचारायची तिला सोय नाही. गेजचे मित्र म्हणाले ना की हा आता गेज राहिला नाही, ते मित्र तरी आपापल्या घरी गेले.

सुधारणा कशानं झाली ते सांगते, कुणाला उपयोग होईल. त्यांच्या धाकट्या भावानं त्यांना रोज पहाटे दुधाच्या टेम्पोवर न्यायला सुरुवात केली. तीच वाट, तेच कॅन, तीच माणसं, त्याच क्रमानं. आधी नुसते बसायचे. मग कॅन मोजायला लागले. मग कुणाच्या कॅनला झाकण नाही हे तेच सांगायला लागले. हिशेबाचं काम परत आलं नाही, पण पहाटेपासून दहापर्यंत ते पूर्वीचे भाऊजी असतात. संध्याकाळी, काम नसलं की, बिघडतं.

रानवाट:
अबोली, तुला आणि ताईला घट्ट मिठी.

रातपाळी:
अबोली, तुमच्या ताईंना सांगा, त्यांना जे वाटतं ते अगदी साहजिक आहे. डोक्याच्या माराच्या रोग्यांच्या घरच्यांचे गट असतात, तिथं हे मोकळेपणी बोलता येतं. आम्ही डिस्चार्जच्या वेळी फिट्स, औषधं, जखम सगळं सांगतो आणि स्वभावाबद्दल दोन वाक्यंही बोलत नाही. घरच्यांना वाटतं तो मुद्दाम करतोय. हे आम्ही सांगायला हवं.

गारवा_७७:
अबोलींच्या टेम्पोवरून एक महत्त्वाची गोष्ट लिहितो. गेजचं पुढं काय झालं हे पुस्तकं सांगतच नाहीत. रेल्वेनं त्याला परत मुकादम केलं नाही हे खरं. हार्लोनं १८६८ मध्ये लिहिलं की तो लहरी झाला, शिवराळ झाला, सोबत्यांची कदर करीना, बेत आखायचा आणि लगेच सोडून द्यायचा. पण त्यानंतर त्यानं हॅनोव्हरला घोड्यांच्या तबेल्यात दीडएक वर्ष काम केलं. १८५२ मध्ये दक्षिण अमेरिकेत चिलीला गेला आणि काही वर्षं वाल्पराइझो ते सांतियागो या मार्गावर घोडागाडी हाकली. सहा घोडे, भरलेली गाडी, उतारू, सामान, परकी भाषा. भडकू आणि बेभरवशाच्या माणसाकडं हे काम कुणी ठेवत नाही.

माल्कम मॅकमिलन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकानं आयुष्याचा मोठा भाग यावर घालवला. त्याचं म्हणणं असं की त्या कामाची ठरावीक घडी गेजला सावरायला कारण ठरली. पहाटे उठायचं, घोडे जुंपायचे, उतारू घ्यायचे, ठरल्या वाटेनं जायचं. चिलीत त्याला ओळखणाऱ्या एका डॉक्टरनंही त्याच्या बुद्धीत काही बिघाड दिसत नाही असं सांगितलेलं सापडलं आहे. भाऊजींचा टेम्पो म्हणजे हेच झालं.

अबोली:
@गारवा_७७, हे मला माहीतच नव्हतं. ताईला वाचून दाखवते. मनापासून आभार.

तळटीप:
गेज दारूडा झाला, बायकोला मारायचा वगैरे मी कुठंतरी वाचलंय ते?

गारवा_७७:
त्याचं लग्नच झालं नव्हतं. हार्लोच्या मूळ वर्णनाला पुढच्यांनी इतकं तिखटमीठ लावलंय की मूळ माणूस ओळखू येत नाही. आपण शिक्षकांनी तरी ते पुढं पाठवू नये.

खाडीपलीकडे:
मी बोस्टनजवळ राहतो. गेजची कवटी आणि ती पहार हार्वर्डच्या वॉरन ॲनाटॉमिकल म्युझियमच्या संग्रहात आहे. मी पाहिली आहे. काचेच्या कपाटात कवटी, शेजारी बोस्टनला नेलं तेव्हा घेतलेला चेहऱ्याचा साचा, आणि पहार. पहार बघून मी हादरलो, चित्रात तिची लांबी कळत नाही. उभी केली तर माझ्या छातीपर्यंत येईल. तिच्यावर मजकूर कोरलेला आहे की ही पहार गेजच्या डोक्यातून गेली, तो पूर्ण बरा झाला आणि त्यानं ती कॉलेजच्या संग्रहालयाला दिली. त्या मजकुरात अपघाताची तारीख १४ सप्टेंबर पडली आहे, म्हणजे एक दिवस चुकलाय. पुढं गेजनं ती परत घेतली आणि मरेपर्यंत जवळ बाळगली.

कवटीवर टाळूपाशी भोक आहे आणि त्याच्या पुढं हाडाचा एक तुकडा परत सांधलेला स्पष्ट दिसतो. कवटी आधी पाहिली होती, आज धागा वाचून कळलं की ते हाड बसवणारी बोटं कुणाची होती.

रानवाट:
पण कवटी तिथं पोचली कशी? त्यानं दान केली होती का?

खाडीपलीकडे:
नाही. १८५९ मध्ये तब्येत ढासळली म्हणून गेज चिलीहून सॅन फ्रान्सिस्कोला आईकडं आला. फेब्रुवारी १८६० मध्ये फिट्स सुरू झाल्या, २१ मे १८६० ला गेला. तेव्हा शवविच्छेदन झालं नाही. हार्लोचा बरीच वर्षं संपर्क तुटला होता. १८६६ मध्ये त्याला आईचा ठावठिकाणा लागला, त्यानं पत्र लिहिलं आणि कवटीची विनंती केली. १८६७ मध्ये घरच्यांनी कबर उकरायला परवानगी दिली आणि कवटी व पहार त्याच्याकडं पाठवली. तोवर तो मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्नला राहायला आला होता. त्यानं अभ्यास करून दोन्ही संग्रहालयाला दिल्या.

कोरडाठाक:
इथं मात्र मला हार्लो खटकतो. आपल्या रोग्याच्या आईकडं मुलाची कवटी मागायची? सात वर्षं पुरलेल्या मुलाची?

शेवंती:
मलाही अंगावर काटा आला. पण आईनं दिली ना. कुणी जबरदस्ती केली नव्हती. ज्या डॉक्टरनं मुलाला एकदा मरणाच्या दारातून आणलं त्याला ती नाही कशी म्हणेल?

कोरडाठाक:
तेच तर. 'नाही कशी म्हणेल' अशा माणसाकडं मागताना जास्त विचार करायला हवा.

गारवा_७७:
दुसरी बाजू बघा. हार्लोचा पहिला लेख डिसेंबर १८४८ मध्ये बोस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात आला, तेव्हा पुष्कळांनी विश्वासच ठेवला नाही. खेड्यातला डॉक्टर, मेंदूतून पहार, आणि रोगी जिवंत! हार्वर्डचे शस्त्रक्रियेचे प्राध्यापक हेन्री बिगेलो यांनी गेजला १८४९ च्या शेवटी बोस्टनला बोलावून तपासलं तेव्हा कुठं लोकांना पटलं. आणि बिगेलोंनी लिहिलं काय, तर शरीर आणि मन दोन्ही बऱ्यापैकी पूर्ववत. म्हणजे स्वभावातला बदल मोठ्या प्राध्यापकांच्या नजरेतून सुटला. तो हार्लोला दिसला होता, कारण तो उशाशी बसला होता. पण छापलं त्यानं २० वर्षांनी, रोगी गेल्यावर. हातात पुरावा नसता तर दुसऱ्यांदाही कुणी ऐकलं नसतं.

दवाखान्यातून:
गारवा, शंभर टक्के. आणि तो बदल जिवंतपणी छापला नाही याबद्दल माझ्या मनात हार्लो यांच्याविषयी आदरच आहे. नाव-गाव सगळं छापलेला रोगी, नोकरी शोधत फिरणारा. त्याच्याबद्दल 'हा बेभरवशाचा आहे' असं छापून आलं असतं तर त्याला तबेल्यात तरी कुणी ठेवलं असतं का? हे माझं अनुमान, पण मला ते पटतं.

फिट्सबद्दल अबोलींसाठी सांगतो. डोक्याच्या मारानंतर फिट्स कित्येक वर्षांनीही येऊ शकतात, गेजला ११ वर्षांनी आल्या. तेव्हा धड औषध नव्हतं, आज आहे. भाऊजींची गोळी चालू असेल तर आपल्या मनानं बंद करू नका, बरं वाटतंय म्हणून तर अजिबातच नको.

अबोली:
चालू आहे डॉक्टर. ताई स्वतः देते, समोर उभी राहून.

घाटमाथा:
अवांतर होईल पण लिहितो. गेज चिलीत घोडागाडी हाकत होता तेव्हा, १८५६ पासून, इकडं बोरघाटात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं काम चालू होतं. तेच काम, खडक फोडायचा आणि काळी दारू ठासायची. हजारो माणसं राबली, पटकीनं आणि अपघातांनी पुष्कळ मेली. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्येच निघालं होतं, १८५१ मध्ये भाऊ दाजींची पहिली तुकडी बाहेर पडली. म्हणजे आपल्याकडंही शिकलेले डॉक्टर होते. पण घाटातल्या कामकऱ्यांपर्यंत असा एक हार्लो पोचला आणि त्यानं एखाद्याची नाडी रोज लिहून ठेवली असं काही माझ्या वाचनात नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा, मी शोधतोय.

सह्यकडा:
@घाटमाथा, खंडाळ्याकडून जाताना दरवेळी हा विचार येतो. जुन्या बोगद्यांच्या भिंतींवर काही ठिकाणी पहारेच्या खुणा अजून आहेत. माणसांचा मागमूस नाही.

तळटीप:
त्या आधी आलेल्या विल्यम्स डॉक्टरचं काय झालं? त्याचं नाव कुणी घेत नाही.

सह्यकडा:
हे मला माहीत आहे! डॉक्टरकी सोडून तो रेल्वेत शिरला आणि पुढं फिलाडेल्फियाच्या बाल्डविन इंजिन कारखान्यात भागीदार झाला. जगभर गेलेली वाफेची इंजिनं त्याच कारखान्यातली. हार्लो मात्र शेवटपर्यंत डॉक्टर. वोबर्नला त्याला इतका मान होता की लोकांनी राज्याच्या सेनेटवर निवडून दिलं. १९०७ मध्ये गेला.

कोरडाठाक:
केळफूल, मूळ प्रश्नाकडं परत येतो. सगळं वाचून माझं मत थोडं हललंय. जीव वाचण्यात नशिबाचा वाटा मी अजूनही मोठा धरतो. पहार दोन बोटं इकडं-तिकडं झाली असती तर कुठलाच हार्लो कामाचा नव्हता. पण सप्टेंबरच्या शेवटी ती कपाळाची चीर दिली नसती तर ते नशीब पंधरवडाभरच पुरलं असतं. एवढं मी त्याच्या नावावर देतो.

केळफूल:
@कोरडाठाक, एवढं दिलंत तरी पुष्कळ झालं :) खुद्द हार्लोनं तर तेवढंही घेतलं नाही. १८६८ च्या व्याख्यानात तो फ्रान्सच्या जुन्या सर्जनचं, आंब्रुआझ पारेचं वाक्य सांगतो, "मी मलमपट्टी केली, बरं देवानं केलं."

यंदा वर्गात मी पहारेच्या चित्रापासून सुरुवात करणार नाही. हार्लोच्या नोंदींचं मराठी करून मुलांना तारखेवार वाटणार आहे, नाव न सांगता, आणि विचारणार आहे की या रोग्याचं काय चुकलंय आणि काय शाबूत आहे ते तुम्ही सांगा. रातपाळी, नोंदींमधल्या नाडी-तापाच्या भाषेसाठी तुमची मदत लागेल. निरोप पाठवते.

रातपाळी:
पाठवा. रविवारी सुट्टी आहे, बसून करू.